सर करतील तेच करायचं

मशीनने माझं वय सांगितलं, तेव्हाच मी हा नाद सोडायला हवा होता. पडद्यासमोर उभं राहायचं, हात पसरायचे, एका पायावर तोल सांभाळायचा, खाली बसून पुन्हा उठायचं. एवढं केलं की मशीन थोडा विचार करतं आणि तुमच्या शरीराचं खरं वय जाहीर करतं. माझं जे जाहीर केलं, त्या वयापर्यंत आमच्या घराण्यात आजवर कोणी पोचलेलं नाही. बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बरोबर असेल. मला वाटतच होतं."

मशीन मुलीचं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा ती ते माळ्यावर टाकून गेली. टीव्हीच्या डोक्यावर ठेवायची एक काळी पट्टी आणि तिच्या मधोमध एक डोळा. तो डोळा तुमच्याकडे बघत असतो, आणि तुम्ही जे कराल ते पडद्यावरचा बाहुला करतो. तुम्ही हात फिरवलात की तो चेंडू फेकतो, तुम्ही वाकलात की तो बर्फावरून घसरत सुटतो. हातात काही धरायला नको, बटण दाबायला नको, नुसतं अंग हलवायचं. आणि अंग हलवणं हाच त्या दिवसांत आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. माझं अंग नव्हे, दादाचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. छापखान्यात फोरमन होता. जन्मभर कामावर पायी गेला आणि पायी आला. चालायचा असा की लहानपणी त्याच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे मला पळावंच लागायचं. वहिनी अचानक गेली, आणि मी त्याला आमच्याकडे घेऊन आलो. तो आला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. जेवायला, आंघोळीला आम्ही नवरा-बायको दोन बाजूंनी धरून न्यायचो तेवढंच. आपणहून एक पाऊल नाही. "दादा, जरा गॅलरीत येतोस?" "असू दे." "पेपर वाचून दाखवू?" "असू दे." एकदा मी वैतागून म्हणालो, "दादा, घराला आग लागलीय!" त्यालाही तो "असू दे" म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "पायात काही बिघाड नाही. पण वापरलेच नाहीत तर पाय चालणं विसरतात. आणखी काही दिवस असेच गेले तर अंथरुणाला खिळतील. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही." हे ते इतक्या थंडपणे म्हणाले की माझं डोकंच फिरलं. मी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात होतो. वाईट बातमी थंडपणे सांगायची ती पद्धत खरं तर आमच्या खात्याची. समोरून ऐकताना ती भयंकर वाटते, एवढं बाकी मान्य केलं पाहिजे.

तर मी चंग बांधला आणि माळ्यावरून मशीन काढलं. पहिला प्रयोग घरातच केला. दादाची खुर्ची टीव्हीसमोर वळवली, मशीन सुरू केलं. डोळ्याने दादाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'खेळाडू सापडला नाही.' त्याचं असं आहे, की त्या डोळ्याला जे हलतं तेच दिसतं. जे हलत नाही ते त्याच्या हिशेबी सामान. मी घाईघाईने ती अक्षरं घालवली. दादाने ती वाचली का, ते मी त्याला विचारलं नाही.

"अहो, एकट्या माणसाला कोण नाचवणार?" बायको म्हणाली. "चार माणसं नाचायला लागली की पाचव्याचा पाय आपोआप उचलतो. खाली हॉल रिकामाच पडलाय. तिथे घ्या ना सगळ्यांना."

कल्पना चांगली होती. बायकोच्या चांगल्या कल्पना माझ्या अंगाशी येतात, हा आमच्या संसाराचा नियम आहे. मी जिन्यात तिघांना विचारलं आणि तिघांनी सल्ला दिला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य म्हणाले, "सुरुवात मानेपासून करा. सगळ्या रोगांचं मूळ मानेत." बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर म्हणाले, "सुरुवात चहापासून करा, म्हणजे माणसं येतील." समोरच्या हेडबाई, त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि ते अजून विसरलेल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "सुरुवात शिस्तीपासून. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करायचं." म्हातारपणी व्यायामाला उशीर झाला म्हणून दाराबाहेर उभं राहायला कोण येणार, हे मी मनातच ठेवलं.

मग सेक्रेटरी. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना नियम पाठ आहेत, आणि ज्या गोष्टीला नियम नाही ती त्यांना दिसत नाही. माझा अर्ज वाचून ते म्हणाले, "हॉलमध्ये चेंडूचे खेळ खेळायला मनाई आहे."

"अहो, चेंडू पडद्यावर आहे. आपण नुसता हात फिरवायचा."

"पण चेंडू आहे ना?"

"दिसतो. नसतो."

"दिसतो म्हणजे आहे. विषय सभेपुढे ठेवावा लागेल."

सभा झाली. पडद्यावरचा चेंडू हा चेंडू मानावा की चित्र, यावर माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. शेवटी ठरलं, की चेंडू पडद्याबाहेर येणार नाही याची हमी अर्जदाराने लेखी द्यावी. मी दिली. विमा कंपनीत आयुष्य गेलेल्या माणसाने असल्या कागदावर सही केली, यावरून माझी अगतिकता लक्षात यावी.

तेवढ्यावर भागलं नाही. येणारा प्रत्येक जण व्यायामाला तंदुरुस्त आहे असं वैद्यकीय पत्र हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "जे तंदुरुस्त आहेत ते तुमच्याकडे कशाला येतील? आणि जे येतील त्यांना मी तंदुरुस्त कसं म्हणू?" मी हात टेकले. मग कॅशियरना आठवलं की दंतवैद्य हेही वैद्यच. त्यांनी सगळ्यांचे दात तपासून, ज्यांना नव्हते त्यांच्या हिरड्या तपासून, सह्या ठोकल्या. सेक्रेटरींनी फक्त शिक्का बघितला आणि आमचा वर्ग सुरू झाला.

पहिल्याच दिवशी मशीनने आमची लाज काढली. माणसं मावतील तेवढी आली होती, पण त्या डोळ्याला एका वेळी दोघंच दिसायचे, आणि ते दोघं कोण हे तो स्वतः ठरवायचा. मी पुढे उभा राहून बर्फावरून घसरतोय, आणि मागे हेडबाईंनी पदर सावरला की माझा बाहुला झाडावर आपटायचा. एकदा तर खुंटीला टांगलेला दंतवैद्यांचा कोट पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, त्यालाच मशीनने दुसरा खेळाडू धरलं. कोटाला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. त्यावर टाळ्या वाजल्या, आणि कॅशियर म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. कोट नवीन आहे."

यावर तोड हेडबाईंनीच काढली. मशीनने कोणालाही पकडू दे, सगळ्यांची हालचाल एकच असली म्हणजे झालं. सरांनी हात वर केला की सगळ्यांचे हात वर. सर वाकले की सगळे वाकले. विचारायचं नाही, थांबायचं नाही, आपली अक्कल चालवायची नाही. "सर करतील तेच करायचं!" असं त्या रोज सुरुवातीला सगळ्यांकडून म्हणून घ्यायच्या. सर म्हणजे मी. नोकरीत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. दावा नाकारलेली माणसं मला जे म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

आणि गंमत म्हणजे जमलं. माझ्या मागे सगळी रांग माझ्याचसारखी हलायला लागली. मला शिंक आली तर मागे सगळे शिंकल्यासारखं करायचे. मी चष्मा वर सरकवला की मागे ज्यांना चष्मा नव्हता तेही नाकावर बोट न्यायचे. कॅशियरचे गुडघे सैल झाले. हेडबाई जिना न थांबता चढायला लागल्या. दंतवैद्यांची मान, जी मुळात ठीकच होती, ती आणखी ठीक झाली. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सर, तुमच्यामुळे!"

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असायचा. आम्ही दोघं त्याला लिफ्टने खाली आणायचो, कोपऱ्यात बसवायचो, बायको वर निघून जायची. दादा आमच्याकडे बघायचासुद्धा नाही. गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. "दादा, नुसता हात तरी वर कर." "असू दे." "बसल्या बसल्या पाय तरी हलव." "असू दे रे धाकट्या." त्याच्या पोटऱ्या वाळत चालल्या होत्या. त्याला उठवताना पूर्वी आम्हाला दम लागायचा, आता लागत नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. एका संध्याकाळी वर आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. बायको म्हणाली, "अहो, बाकीच्यांचं तरी भलं होतंय ना?" मी म्हणालो, "बाकीचे खड्ड्यात जाऊ देत." हे मी मोठ्याने बोललो, आणि दारात दंतवैद्य उभे होते. त्यांचा कोट राहिला होता. त्यानंतर बरेच दिवस ते मला फक्त 'नमस्कार' म्हणायचे.

मग उड्यांचं प्रकरण झालं. हॉलच्या खाली किराणा दुकान आहे. एका खेळात बाहुल्याला दगडांवरून उड्या मारत नदी पार करायची होती. आम्ही सगळ्यांनी मिळून उडी मारली, आणि खाली दुकानदाराच्या छताचा पोपडा सुटून पिठाच्या पिंपात पडला. दुकानदार पांढराफटक होऊन वर आला. पीठ किती आणि घाबरून किती, ते सांगता येणार नाही. त्याने ओरडून इमारत डोक्यावर घेतली. सेक्रेटरींनी त्याच दिवशी सूचना लावली, 'हॉलमध्ये उड्या मारू नयेत.' दुकानदाराने त्याहून पुढचा डाव टाकला. हॉल आपल्याला गोदामाला द्यावा, म्हणजे उड्याही नाहीत आणि कटकटही नाही, असं त्याने कमिटीला कळवलं. पोती उड्या मारत नाहीत, हा मुद्दा कमिटीला फारच पटला.

ठरलं असं, की रविवारी कमिटीने येऊन वर्ग बघायचा. पसंत पडला तर हॉल आमचा, नाही तर पोत्यांचा. हॉल गेला तर दादा पुन्हा खिडकीजवळ. तो हॉलमध्येही नुसता बसूनच असायचा, हे मला कळत होतं. पण निदान रोज दारापर्यंत आणि लिफ्टपर्यंत त्याची पावलं जमिनीला लागत होती. तेवढीच उरली होती, आणि तीही पोती घेऊन जाणार होती.

कमिटी येणार म्हणून सेक्रेटरींनी आदल्या दिवशी हॉलच्या फरशीला पॉलिश करून घेतलं. दारावर सूचना लागली, 'पॉलिश ताजे आहे. पादत्राणे बाहेर काढावीत.' मी बूट बाहेर काढले. पायांत मोजे. समोर आरशासारखी फरशी. विमा कंपनीतला साधा शिपाईदेखील हे बघून आल्या पावली परत गेला असता. पण मागे हेडबाई सगळ्यांकडून "सर करतील तेच करायचं!" म्हणून घेत होत्या, खुर्च्यांवर कमिटी बसली होती, आणि कॅशियर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सर, आज जरा अवघड खेळ दाखवा. बघू दे त्यांना." मी बर्फावरच्या घसरगुंडीची सगळ्यात अवघड पातळी लावली.

सुरुवात झकास झाली. उजवीकडे झुकलो, मागे रांग झुकली. डावीकडे झुकलो, रांग झुकली. कमिटीतल्या एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मला आणखी चेव चढला. वळण आलं, मी एक पाय उचलून झोकात वळलो, आणि दुसरा पाय माझ्या परवानगीशिवाय निघून गेला. मी कमरेवर आदळलो. आतून काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "आई गं!"

मागून सगळे म्हणाले, "आई गं!"

आणि एकेक करून सगळे खाली आडवे झाले. कुरकुरत, एकमेकांना धरत, पण झाले. मला बोलता येत नव्हतं, कळ मेंदूपर्यंत गेली होती. मी मदतीसाठी डावा हात वर केला. मागे डावे हात वर गेले. "कॅशियर, डावा! डावा हात!" हेडबाई आडव्या पडल्या पडल्या ओरडल्या. "सरांकडे बघा!" मी तोंड वेडंवाकडं केलं. सगळ्यांनी केलं. मी कण्हलो, रांग कण्हली. कमिटीने टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले, "वा! झोपूनही व्यायाम करता येतो की. यात उडीचा प्रश्नच येत नाही." पडद्यावर माझा बाहुला बर्फात तोंड खुपसून पडला होता आणि मशीन अगदी गोड आवाजात सांगत होतं, "कृपया पुन्हा उभे राहा."

तेव्हा कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी आडवा होतो, त्यामुळे मला फक्त पाय दिसले. वाळलेले, मोज्यांतले दोन पाय. ते भिंतीच्या कडेने दोन पावलं आले, थरथरले, थांबले. मग त्यांनी भिंत सोडली. एक पाय दंतवैद्यांच्या पलीकडे पडला, एक कॅशियरच्या पोटावरून गेला. "सरका, सरका रे!" दादाचा आवाज. छापखान्यातला, यंत्रांच्या वरताण जाणारा आवाज. "पडलाय तो! खरंच पडलाय! टाळ्या काय वाजवताय, गाढवांनो!"

तो माझ्यापाशी पोचला आणि पोचल्याबरोबर मटकन खाली बसला. त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. "धाकट्या, मी आहे. हलू नकोस," म्हणाला. मग सगळा गोंधळ उडाला, सगळ्यांना उठायचं होतं आणि पॉलिशवर कोणालाच उठता येत नव्हतं. शेवटी गोदामाची जागा मोजायला दुकानदार वर आला आणि त्यानेच ॲम्ब्युलन्स बोलावली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. कमिटीच्या इतिवृत्तात 'प्रशिक्षकांनी झोपून करावयाचा व्यायाम दाखवला, तो समाधानकारक होता' असं नोंदलं गेलं. माझ्या जुन्या कंपनीने तेवढाच कागद बघून माझा दावा नाकारला. मी तिथे असतो तर मीही नाकारला असता. हॉलमध्ये आता पोती आहेत. प्रशिक्षकच नाही म्हटल्यावर वर्ग कसला आणि काय!

दादा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोबरोबर हॉस्पिटलमध्ये आला. मला वाटलं होतं, एकदा उठला तो आता चालायला लागेल. कसलं काय! बायकोने त्याला धरून आणलं, माझ्या खाटेजवळच्या खुर्चीत बसवलं आणि ती औषधं आणायला गेली. तो पूर्वीसारखाच गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसला. हाड मोडून घेतलं, हॉल घालवला, आणि हा परत खुर्चीत.

मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती पडली तेव्हा आवाज आला होता."

"कोण पडली?"

"तुझी वहिनी. स्वयंपाकघरात. मी बातम्या बघत होतो. मला वाटलं, हातातून भांडं पडलं असेल. म्हटलं, बातम्या संपल्या की बघू." त्याचा आवाज अगदी सरळ होता. "त्या संपल्यावर उठलो. मग उठून काय उपयोग होता, धाकट्या?"

'तुझी काही चूक नाही' म्हणावं, तर ते त्याने मानलं नसतं. त्याचा हात धरावा, तर मी कमरेपासून जखडलेला होतो, त्याच्याकडे वळता येत नव्हतं. मला फक्त त्याच्या वाळलेल्या पोटऱ्या दिसत होत्या, आणि डॉक्टरचं थंड बोलणं कानात वाजत होतं.

पाण्याची भरलेली बाटली माझ्या उजव्या हाताशीच होती. ती मी हळूच चादरीखाली सरकवली.

"दादा," मी म्हणालो, "घसा सुकलाय रे. जरा पाणी देतोस?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पाणी कुठेच नव्हतं, खाटेशी एक रिकामा पेला तेवढा होता. नळ वॉर्डच्या पार त्या टोकाला होता. तो 'असू दे' म्हणेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. खुर्ची करकरली. डोळे उघडले तेव्हा तो उभा होता. एका हातात पेला, दुसरा हात शेजारच्या खाटेच्या दांडीवर. एक खाट, मग पुढची, मग त्याच्या पुढची. वाटेत दोनदा थांबला. येताना निम्मं पाणी फरशीवर सांडलं, आणि नर्स त्याला ओरडली.

मी ते घोटभर पाणी प्यायलो. मला अजिबात तहान नव्हती.

"अजून थोडं," मी म्हणालो.